जवाईबापू, आधी एक घास तर घ्या

ताई, नमस्कार.

मी भंडारा जिल्ह्यातला, साकोलीजवळच्या एका गावचा. वय ३१. लग्नाला दोन वर्षं झाली. सासुरवाडी दर्यापूर तालुक्यात. यंदा आमचा पहिलाच धोंडा, म्हणून सासूबाईंनी दोघांनाही बोलावलं. पुरणाचे धोंडे, कढी, भजी, वरण-भात, वांग्याची भाजी, कुरडया, सगळं होतं. पंगतीला सासरे, दोन साळे, मोठे साडू आणि शेजारचे दोघंतिघं. पान वाढून झालं आणि मी साळीला म्हणालो, "मीठ आण गं, आईंच्या वरणात दरवेळी टाकावंच लागते." सगळे हसले. सासूबाईही हसल्या असं मला वाटलं. पण त्यानंतर त्या बाहेर आल्याच नाहीत, वाढायला साळीच येत होती.

परत येताना बायको एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "मीठ तुमच्या ताटात वाढलेलंच होतं, कुरडईखाली. पाहिलं तरी का?" आता चार दिवस झाले, कामापुरतंच बोलणं आहे. ती म्हणते, फोन करून आईची माफी मागा.

ताई, तिकडचं वरण खरंच अळणी लागते. सासऱ्यांना बीपीची गोळी सुरू आहे, त्यामुळेही असेल. पण आमच्या घरी जो तो वरून मीठ-तिखट घेतो, माझी आई कधी नाराज होत नाही. ज्याला जसं लागते त्यानं तसं खावं, यात अपमान कुठं आला? माझं चुकलं का?

एक जावई, भंडारा जिल्हा

भाऊ, चुकलं तुमचं. पण मीठ घेणं चुकलं असं मी म्हणणार नाही, तेव्हा लगेच तोंड फिरवू नका.

आधी मिठाचंच सांगते. आपल्या ताटात मिठाला जागा नेमून दिलेली आहे, वरच्या बाजूला अगदी मधोमध. तिथून डावीकडे लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, पुढ्यात भात. गावच्या पंगतीत पळसाच्या पत्रावळी मांडल्या की वाढप्यांत सगळ्यात पुढे जो पोरगा असतो, त्याच्या हातात मिठाची वाटी असते. भात यायचा असतो, वरण यायचं असतं, आणि पानावर नुसती मिठाची चिमूट येऊन बसलेली असते. ती कशासाठी? रांधणाऱ्यानं त्याचा अंदाज केला, पुढचं ज्याचं त्यानं पाहावं, यासाठीच. पाचशे माणसांचं वरण शिजवणाऱ्या आचाऱ्याला पाचशे जिभा सांभाळता येत नाहीत, आणि घरात दहा माणसांचं रांधणाऱ्या बाईलाही दहा जिभा सांभाळता येत नाहीत. त्यातून बऱ्याच घरी नैवेद्य दाखवल्याशिवाय रांधणारी चव पाहत नाही. सणावाराला तर नाहीच. मग मिठाचा सगळा कारभार बोटांच्या चिमटीवर आणि डोळ्यांच्या मापावर. म्हणून ताटात मीठ.

देवाच्या पानात मात्र ते वेगळं वाढत नाहीत. देवानं आहे ते गोड मानून घ्यायचं. आणि अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण, म्हणून तर ते धोंडे आणि ते ३३ अनारसे. त्या नात्यानं पाहिलं तर तुमच्या ताटात मीठ वाढलं, हीच सासूबाईंनी दिलेली सूट म्हणायची! गंमत केली हो. पण पान वाढल्याबरोबर नारायणानं मीठ मागितल्याचं मी तरी कुठं ऐकलं नाही.

आता तुमचं वाक्य घेऊ. "मीठ आण गं, आईंच्या वरणात दरवेळी टाकावंच लागते." मी शाळेत तीस वर्षं पोरांची वाक्यं तपासली, त्यामुळे सवय जात नाही. 'दरवेळी' म्हणजे दोन वर्षांतलं एकेक वरण तुम्ही मोजून ठेवलं आहे. 'आईंच्या' म्हणजे तक्रार वरणाची राहिली नाही, हाताची झाली. 'आण गं' म्हणजे वाढणारीनं ते वाढलंच नाही. आणि हे सगळं कधी, तर एक घासही तोंडात गेला नव्हता तेव्हा. समजा, जावयाला मीठ जास्त लागतं हे ध्यानात ठेवून त्या दिवशी त्यांनी चिमूटभर जास्तच टाकलं असेल तर? तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मेन्यू सगळा आहे, पंगतीला कोण कोण होतं ते आहे, पण वरण त्या दिवशी कसं लागलं, हे कुठंच नाही.

सगळे हसले म्हणता. जावयाच्या बोलण्यावर सासुरवाडीला हसावंच लागतं, भाऊ. नाही हसलं तर जावई रुसतो.

आणि दिवस कोणता होता ते पाहा. अधिक महिना ३२-३३ महिन्यांनी एकदा येतो. मागचा २०२३ मध्ये श्रावणात येऊन गेला, तेव्हा तुमचं लग्नच झालं नव्हतं. यंदाचा अधिक ज्येष्ठ आला तो १७ मे ते १५ जून, म्हणजे ऐन उन्हात. त्या दिवसांत वऱ्हाडात पारा ४४-४५ वर जाऊन बसतो. अशा उन्हात चुलीपुढे किंवा गॅसपुढे बसून डाळ शिजवायची, पुरण वाटायचं, ते भरायचं, तळायचं. पदरानं घाम पुसत पुसत त्या बाईनं सकाळ काढली असेल. तिला तुमच्या तोंडून पहिला शब्द ऐकायचा होता, तो 'मीठ' निघाला.

तुमच्या बाजूनं एक गोष्ट बोलते. उन्हातून इतका लांबचा प्रवास करून आलेल्या, घामानं भिजलेल्या माणसाला मीठ जास्तच हवंसं वाटतं. तेवढं माफ.

आता त्या वरणाकडे येऊ, कारण तुम्ही म्हणता ते खरं असेल, तिकडचं वरण तुम्हाला अळणी लागत असेल. तुम्ही भंडाऱ्याकडचे. गावोगावी तलाव, पाण्याला चव असते हे तुम्हाला सांगूनही पटायचं नाही. तुमची सासुरवाडी खारपाणपट्ट्यात आहे. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात हा पट्टा पसरलेला आहे. विहीर खणा, बोअर मारा, लागतं ते पाणी खारं. किती खारं? १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला तेव्हा वऱ्हाडच्या लोकांना समुद्रावर जायची गरज पडली नाही. अकोला जिल्ह्यातल्या दहिहांड्याला खाऱ्या विहिरीच्या पाण्यातूनच मीठ काढून त्यांनी कायदा मोडला.

अशा पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, चहाला चव येत नाही, आणि वरणात मीठ टाकायच्या आधीच थोडंफार मीठ येऊन बसलेलं असतं. तिथल्या बायकांचा हात पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यावर बसलेला. चिमूट मुळातच लहान. आता शहानूर धरणावरून नळाचं गोडं पाणी त्या भागात आलं आहे, पण हाताला हे कोण सांगणार? त्यातून नळ कधी येतो, कधी नाही. आला तर वरण अळणी, नाही आला तर बरोबर.

हे मला कोणी शिकवलं नाही, माझ्याच हातून घडलं म्हणून कळलं. १९८६ साली मी दर्यापूरकडे एका गावच्या शाळेवर नवीन मास्तरीण म्हणून गेले. मी वर्धेकडची. वार्षिक परीक्षा आटोपल्यावर चौथीतल्या एका पोराच्या आईनं जेवायला बोलावलं. शेणानं सारवलेली ओसरी, पितळेचं ताट, ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, वरण-भात, फोडलेला कांदा. वर मिठाची चिमूट. आमच्या घरी वडील पाटावर बसल्या बसल्या वरणावर मीठ भुरभुरायचे, तीच सवय मला. पोराच्या मार्कांबद्दल बोलता बोलता मी चिमटीत मीठ घेतलं आणि टाकलं. घास घ्यायच्या आधी.

ती बाई समोर बसली होती, हातात वरणाचा पळा. पळा तसाच थांबला. म्हणाली, "पाणी गोडं हाय न आज बाई, म्हून मीठ कमी पडलं असन. माह्या हाताच्या ध्यानातच नाही राह्यलं."

मला काहीच उलगडेना. पाण्याबद्दल मी कुठं काय बोलले? तेव्हा पोरगा म्हणाला, "बाबानं सकाळी बंडीवर ड्रम आनला ना, तुमच्यासाठी." मास्तरणीला खारं पाणी सोसत नाही हे गावात सगळ्यांना माहीत होतं. नवऱ्यानं पहाटे बैल जुंपले आणि दुसऱ्या गावाहून गोडं पाणी आणलं. त्याच पाण्यात वरण शिजलं, त्याच पाण्याचा पेला माझ्यापुढे. त्यांच्या घरात त्या दिवशी ते पाणी प्यायलं असेल तर फक्त मी.

म्हणजे माझ्या एका चिमटीवरून तिनं स्वतःची चूक शोधून काढली आणि कबूलही केली. आणि मला तोवर पत्ताच नव्हता की वरणात मीठ कमी आहे, कारण मी चाखलंच नव्हतं! मग चाखलं. खरंच कमी होतं. माझी चिमूट बरोबर पडली होती, पण तो घास काही केल्या खाली उतरेना.

तेव्हापासून मी कोणाच्या घरी पहिले दोन घास आहे तसेच घेते. पहिला घास नुसता. दुसऱ्यावर लिंबू पिळते. आंबटानं मीठ वर येतं, हा जिभेचाच गुण आहे. निम्म्या वेळा मग मिठाची गरज राहत नाही. तरी लागलंच, तर ताटातली चिमूट, तीही निम्मी. वरून टाकलेलं मीठ शिजलेल्या मिठापेक्षा जिभेला लवकर लागतं, त्यामुळे थोडंसं पुरतं. हे सगळं समोरच्याशी बोलत बोलत होतं, कोणाचं लक्षही जात नाही.

आता तुमच्या सासूबाईंचा हात खाऱ्या पाण्यामुळे आवरलेला की सासऱ्यांच्या गोळीमुळे, ते मला इथून सांगता येणार नाही. दोन्हीही असेल. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, म्हणजे चहाच्या चमच्यानं सपाट एक चमचा, त्यातच लोणचं, पापड, कुरडई सगळं आलं. बीपीवाल्या माणसाच्या घरात शहाणी बाई काय करते? गंजात मीठ कमी टाकते आणि बाकीच्यांच्या ताटात वाढते. शिजताना पडलेलं मीठ कोणाला काढता येत नाही, कमी असलेलं मात्र घेता येतं. म्हणजे नवऱ्याची तब्येत आणि जावयाची जीभ, दोन्हींची सोय त्यांनी केली होती. ती कुरडईखाली झाकली गेली, एवढंच.

मी सेवाग्रामच्या बाजूची. गांधीजी इथं १९३६ साली राहायला आले आणि त्यांच्या आश्रमाच्या अकरा व्रतांत 'अस्वाद' हेही एक व्रत होतं, जिभेचे लाड करायचे नाहीत. तिथं बसून कोणी मीठ मागितलं असतं तर गोष्ट वेगळी. तुमच्या सासूबाईंनी असलं काही व्रत घेतलेलं दिसत नाही. त्यांच्याकडे मागायला हरकत नाही, मागायची रीत तेवढी सांभाळा. ताटात नसेल तर शेजारी बसलेल्याला हळूच म्हणा, "मीठ सरकवा जरा." का पाहिजे ते सांगायचं नाही. हातावर मात्र मागू नका, मीठ हातावर दिलं की भांडण होतं असं आपल्याकडे मानतात. तुमच्या घरी सध्या ते न देताच झालेलं आहे. आणि रांधणारीनं स्वतःहून विचारलं, "मीठ बरोबर हाय ना बापू?" तर खोटं बोलू नका. "मले थोडं जास्त लागते" म्हणा. तक्रार आपल्या जिभेच्या नावावर टाकली की वरण सुटतं.

जिभेवरून आठवलं. पत्रात तुम्ही लिहिलं नाही, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. खर्रा खाता का? तुमच्याकडे पानठेल्यावर दिवसभर घोटणं चाललेलं असतं. तंबाखू, सुपारी आणि चुना तासन्‌तास गालात धरून बसलं की जिभेला बारीकसारीक चव कळेनाशी होते. पुढं पुढं तर तिखटानं तोंडाची आग होते, मग तोंडच पुरतं उघडत नाही. खात असाल तर वरणावर बोलायचा तुमचा हक्क माझ्या लेखी अर्धा झाला. खात नसाल तर हा परिच्छेद साळ्यांना वाचून दाखवा.

'आमच्या घरी जो तो वरून घेतो' हे तुमचं म्हणणं मला पटतं. आपल्या विदर्भातलं निम्मं जेवण ताटातच पुरं होतं. नागपूरकडचा गोळाभात घ्या, वरून मोहरी-हिंगाच्या फोडणीचं गरम तेल ओतल्याशिवाय तो घशाखाली उतरत नाही. जवसाच्या चटणीला कच्चं तेल हवं. झुणक्याबरोबर बुक्कीनं फोडलेला कांदा हवा. पोह्यांवर तर्री हवी, आणि दुसऱ्यांदा तर्री मागितली की देणाऱ्याची छाती फुगते. वरण-भातावर तूप हवं, ते मात्र वाढणारीच्या हातून. यात कोणी काही मागितलं तर कोणाला राग येत नाही, कारण तो पदार्थ तसाच खायचा असतो. लिंबू, कांदा, तेल, तर्री, सांबार म्हणजे कोथिंबीर, हे वरून घेणं म्हणजे खाणं. मीठ आणि तिखट वरून घेणं म्हणजे दुरुस्ती. फरक एवढासाच आहे, पण रांधणाऱ्या बाईला तो ताबडतोब कळतो. (साखरेबद्दल काय बोलू? आमच्याकडे एकदा पुण्याकडचे पाहुणे आले होते, वरणात गूळ नाही का म्हणून विचारलं. त्या गोष्टीला वीस वर्षं झाली, आमची काकू अजून सांगते.)

आणि तुमची आई नाराज होत नाही, याचा आधार घेऊ नका. तिच्या स्वयंपाकघरात तुम्ही लहानाचे मोठे झालात, भरणी कुठल्या फळीवर आहे ते तुम्हाला ठाऊक. तिथं तुम्ही उठून मीठ घेता. सासुरवाडीला तुमच्यासाठी दुसऱ्याला उठावं लागतं. शिवाय आई नाराज होत नाही हे तुम्ही तिला विचारून लिहिलंत, की अंदाजानं? विचारा एकदा. आयांच्या पोटात बरंच काही असतं.

आमच्या गावातल्या एका घरची गोष्ट सांगते. त्यांचे व्याही येताना बंडीच्या खिशात तिखटाची डबी घेऊन यायचे. भिवापुरी मिरचीचं, घरी कुटलेलं. पान वाढलं की डबी निघायची, भाजीवर, वरणावर, एकदा तर कढीवर. पहिल्या वर्षी घरातल्या बाईनं मुकाट्यानं सोसलं. दुसऱ्या वर्षी तिनं भाजीतच दुप्पट तिखट टाकलं आणि दारात उभी राहून पाहत राहिली. व्याह्यांनी सवयीनं वरून डबी रिती केली, पहिला घास घेतला आणि डोळ्यांतून पाणी काढत, मान खाली घालून सगळं संपवलं. पुढच्या खेपेला डबी आली नाही. मी हे चांगलं केलं असं म्हणत नाही. पण तुमच्या सासूबाई वरणात ओंजळभर मीठ टाकू शकल्या असत्या, त्या फक्त आत जाऊन बसल्या, हे ध्यानात घ्या.

बेताल बोलायची हौसच असेल तर वावरातल्या रोडग्यांच्या पार्टीला जा. गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजताहेत, वांग्याची भाजी शिजते आहे, दहा गडी भोवती उभे, प्रत्येक जण पळी घालून चाखतो आणि म्हणतो, "मीठ नाही बे यात." तिथं कोणीच यजमान नसतो, सगळेच आचारी. तिथं काहीही बोला.

तर आता करायचं काय? माफीचा फोन करू नका. तुमची बायको सांगते ते चांगल्या मनानं, पण फोनवर काय होईल ते मला माहीत आहे. "काही नाही जी बापू, त्यात काय एवढं," असं म्हणून सासूबाई फोन सासऱ्यांच्या हातात देतील. सासरे पावसाचं विचारतील. झालं.

आधी बायकोशी बोला. चार दिवस अबोला धरायला तिला नुसतं आईचं दुःख पुरलं असेल असं मला वाटत नाही. कुरडईखालचं मीठ तिला दिसलं कसं? कदाचित तुमचं पान तिनंच वाढलं असेल. 'यांना वरणात मीठ लागतं' म्हणून चिमूटभर जास्तच वाढलं असेल. मला नक्की माहीत नाही, तुम्ही विचारा. तसं निघालं तर त्या दिवशी तुम्ही दोन बायकांना एका वाक्यात गार केलं.

मग दोघं मिळून सासुरवाडीला जा. धोंड्याचा मुहूर्त कशाला पाहिजे, येत्या रविवारी जा. साळे आणि साळी घरी असतील असं पाहून जा, कारण बोललात चारचौघांत, तर ते निस्तरायचंही चारचौघांतच. पान वाढलं की गप्प बसा आणि जेवा. वरण नुसतं खा. मग पुन्हा मागा, "आई, वरण वाढा अजून." मीठ लागलं तर ताटातलं खुशाल घ्या, तोंड वाकडं करून अळणी गिळत बसलात तर तो दुसरा अपमान. साळी चिडवल्याशिवाय राहायची नाही. मिठाची अख्खी भरणीच आणून पुढ्यात ठेवील. ठेवू द्या, आणि सगळ्यांच्या आधी तुम्ही हसा. त्याच वेळी सासूबाईंकडे पाहून एवढंच म्हणा, "त्या दिवशी मी न चाखताच बोललो." याच्यापुढे एक शब्द वाढवू नका. त्या आत गेल्या तर जाऊ द्या, या खेपेला त्या परत येतील, बहुतेक भजी घेऊन.

आणि रिकाम्या हातानं जाऊ नका. तुमच्या भंडाऱ्याचा चिन्नोर तांदूळ पाच किलो न्या. वऱ्हाडात ज्वारी-गव्हाच्या घरात त्या भाताचा वास सुटला की सासरे आपणहून पाट मांडतील. फक्त एक करा, तांदूळ यंदाचाच असेल तर भाताला पाणी कमी लागतं, हे रांधायच्या आधी सांगा. त्यांच्या हाताला जुन्या तांदळाचा अंदाज असेल.